पाच त्रेचाळीस

पार्क मैदानातली वाळू एप्रिलमध्ये
संध्याकाळी सहालाही तापलेली असते.
मौलालीचाचा तिच्यावर बादलीनं पाणी मारायचे,
ओल्या गोणपाटासारखा वास यायचा.
मग टेप घेऊन उकिडवे बसायचे.

पाच अडतीस. पाच चाळीस. फाऊल. फाऊल.
पाच एक्केचाळीस.
चार वर्षं त्याच्या पुढे काही जाईना.
हत्तुरे सर ओरडायचे, काय बे येमूल, कंबर उचल की!
मी कंबर उचलली.
उधारीची अंडी खाल्ली.
चुलतबहिणीच्या लग्नात वरातीच्या वेळेला
मैदानाला अठरा फेऱ्या मारत होते.
राज्याच्या निवडीला पाच सत्तर लागायचं.
म्हणजे एकोणतीस सेंटिमीटर,
शाळेतल्या फूटपट्टीपेक्षाही कमी.
एवढीशी जागा, दप्तरात मावणारी.

सोडू नको म्हणणारे होते,
बास की आता म्हणणारेही होते.
दोघंही चहा आमच्याच घरचा प्यायचे.

अम्मा दारात बसून विडीची पानं कापते.
मांडीवर सूप, पत्र्याचा साचा, कात्री.
एखादं पान शिरेपाशी चिरलेलं निघालं
की बाजूला टाकते,
हातातली लय न मोडता.
एकदा विचारलं, न बघता कसं कळतं गं तुला?
म्हणाली, बोटाला कळतं.
त्या रात्री मी बराच वेळ
माझ्या पायाची बोटं बघत बसले.
त्यांना काही कळलेलं दिसत नव्हतं.

मग एका गुरुवारी सगळं जमलं.
अठरा पावलं, पाटीवर बरोब्बर पाय,
आणि हवेत क्षणभर
कुणी पाठीला हात लावून धरल्यासारखं.
चाचांनी टेप दोनदा लावला.
पाच त्रेचाळीस, बेटी.
सरांनी शिट्टी फुंकली, पोरी पळत आल्या.
मी वाळूत बसूनच होते,
आणि मला फक्त सावली हवी होती.

दोन सेंटिमीटर मिळाले होते.
उरलेल्या सत्तावीसची भूक
पोटात शोधली, पोटऱ्यांत शोधली,
कुठंच नव्हती.
उडी फसली असती तर दुसऱ्या दिवशी परत आले असते,
रागानं, आणखी चार वर्षं.
जमल्यावर कळलं, म्हणून मला ते खरं वाटलं.

स्पाइक्स बार्शीच्या एका पोरीला दिले, सहाशेला.
तिला मोठे होत होते. टाचेत कापूस भर म्हटलं.
तिनं विचारलं, ताई, तुम्ही का सोडताय?
मी म्हणाले, लेस नवीन आहे बघ,
मागच्याच महिन्यात घातली.

सर दोन महिने बोलले नाहीत.
मग नव्या पेठेत भेटले, हातात पडवळ,
माझ्याकडे वर-खाली बघून म्हणाले,
वजन वाढलंय बे तुझं.
तेवढ्यात आमचं मिटलं.

आता अक्कलकोट रोडला शाळेच्या गणवेशांना
कॉलर लावते. दिवसाला दीडशे.
कॉलरीवर माझं प्रेम नाही, रागही नाही.
कधी टीव्हीवर कुणी उडी मारली
की मांडी आपोआप आवळते, चॅनेल बदलते.
कधी नाही बदलत.

जाग मात्र पाचलाच येते.
पूर्वी गल्लीत तेव्हा मी एकटी असायचे,
आता पाण्याच्या पाळीला सगळ्या असतात,
पाच दिवसांनी नळ येतो, घागरींची भांडणं,
तेलुगूत सुरू होऊन मराठीत संपणारी.
अम्मा म्हणते, तू बस, मी भरते.
मी ऐकत नाही.

नळापासून पिंपापर्यंत अकरा पावलं.
मोजायची सवय अजून गेली नाही.
जाईल.